नाव, माप आणि कप्पे

डोईफोडिया हे नाव पहिल्यानेच ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडल्यावाचून राहत नाही. मध्यप्रदेशाच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील ह्या गावात जाऊन पाहावे, तर डोई फुटण्याजोगे काही दिसत नाही. माणसे आपापल्या शेतीभातीत गढलेली असतात. नाव ही केवळ ओळखण्याची खूण होय. नावावरून आतल्या वस्तूची कल्पना करू नये, हे गावाच्या बाबतीत सर्वांना ठाऊक असते. परंतु हेच साधे शहाणपण यंत्राला आज्ञा लिहिणारा मनुष्य पुष्कळदा विसरतो, आणि मग यंत्र त्याची डोईफोड करू लागते.

बऱ्हाणपूरचा मुलूख केळीचा आहे. केळ म्हणजे पाण्यावर जगणारे पीक. वैशाखाच्या उन्हात पाण्याची पाळी चुकली, तर वर्षाचे कष्ट पानांबरोबर करपून जातात. म्हणून अशा मुलुखात विहिरीवरच्या मोटारीला एक लहानशी पेटी जोडण्याचा विचार शेतकऱ्यांच्या शिकलेल्या मुलांच्या मनात आज सहज येतो. मातीत खोचलेली एक पट्टी ओल मोजते, पेटीतील मायक्रोकंट्रोलर तो आकडा वाचतो, आणि मोटार चालू करावी की बंद ठेवावी हे ठरवतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात बसविलेला संपूर्ण संगणक. त्याला हिशेब येतो, स्मरण येते, आज्ञा पाळता येते. येत नाही ती फक्त समजूत. ती त्याला आज्ञा लिहिणाऱ्याने पुरवायची असते.

ह्या आज्ञा लिहिण्याची एक सोपी भाषा आहे. तिचे नाव बेसिक. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्त्झ ह्या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ती घडविली, आणि १ मे १९६४ रोजी तिच्यातील पहिला प्रोग्राम चालला. शास्त्र न शिकलेल्या विद्यार्थ्यालाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. आपल्याकडे १९८४-८५ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत काही शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे संगणक मिळाले, तेव्हा त्या मुलांनी पहिली आज्ञा लिहिली ती ह्याच भाषेत. पुढे ही भाषा मोठ्या संगणकावरून उतरून चिमुकल्या तुकड्यांत शिरली. इंटेल कंपनीने १९८० नंतरच्या दशकात आपल्या ८०५२ जातीच्या मायक्रोकंट्रोलरच्या पोटातच बेसिक कोरून दिली. १९९२ साली पॅरालॅक्स कंपनीचा 'बेसिक स्टॅम्प' निघाला. त्यानंतर बॅसकॉमसारखी साधने आली, ज्यांत बेसिकमध्ये लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून तुकड्यात भरता येतो.

ह्या भाषेतील पहिली महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्हेरिएबल, अर्थात चल. शाळेत बीजगणित शिकलेल्या मनुष्याला वाटते की ही तर जुनी ओळख! भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणिता'त अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे दिली. त्यांतील पुष्कळशी नावे रंगांची आहेत, आणि लिहिताना त्यांचे पहिले अक्षर तेवढे घेतले जाई. ह्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव ह्याने मठ स्थापल्याचा, तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. तेव्हा अज्ञाताला नाव देऊन त्याच्याशी व्यवहार करण्याची विद्या ह्या प्रदेशाला परकी नाही.

परंतु बीजगणितातील नीलक आणि बेसिकमधील व्हेरिएबल ह्यांत एक मूलभूत भेद आहे. नीलक ही एका उदाहरणापुरती ठरलेली, केवळ अद्याप न सापडलेली राशी होय. ती पाच असेल तर पाचच. व्हेरिएबल ही राशी नव्हे; ती राशी ठेवण्याची जागा होय. म्हणूनच 'क = क + १' असे वाक्य बीजगणिताच्या वहीत दिसले, तर गुरुजी लाल शाईने खोडतील; कारण कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी असू शकत नाही. बेसिकमध्ये मात्र हे वाक्य पदोपदी येते. तेथील बरोबरीचे चिन्ह 'समान आहे' असे सांगत नाही; ते 'ठेव' अशी आज्ञा देते. क नावाच्या जागेत जे आहे ते काढ, त्यात एक मिळव, आणि जे झाले ते पुन्हा त्याच जागी ठेव. जुने गेले, नवे आले. केमेनी आणि कुर्त्झ ह्यांनी ह्यासाठी आरंभी 'लेट' हा शब्द लिहिणे आवश्यकच ठेवले होते. पुढील काळातील बहुतेक बेसिकमध्ये तो गाळता येऊ लागला, आणि नवशिक्याचा घोटाळा वाढला.

व्हेरिएबल ही जागा आहे हे एकदा पटले, म्हणजे दुसरा प्रश्न आपोआप येतो: जागा केवढी? धान्य मोजताना शेर वेगळा, पायली वेगळी. मायक्रोकंट्रोलरमध्येही मापे ठरलेली आहेत. सर्वांत लहान माप बिट; त्यात शून्य किंवा एक एवढेच मावते. आठ बिटांचा एक बाइट. त्यात ० पासून २५५ पर्यंतची संख्या राहते. दोन बाइटांचे एक वर्ड. त्याची मर्यादा ६५,५३५. तेच दोन बाइट 'इंटिजर' म्हणून वापरले, तर उणे संख्याही ठेवता येतात, पण मर्यादा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ अशी दुभागते. चार बाइटांचे 'लाँग' हे माप दोन अब्जांच्या पलीकडे जाते. बॅसकॉममध्ये 'डिम' ह्या शब्दाने आरंभीच सांगावे लागते की अमुक नावाची जागा अमुक मापाची हवी.

धान्याच्या मापात आणि ह्या मापात एक फरक मात्र जिवावर बेतणारा आहे. शेरात पायलीभर ज्वारी ओतली, तर ती सांडते आणि सांडलेली डोळ्यांना दिसते. बाइटमध्ये २५५ असताना आणखी एक मिळवला, तर काहीही सांडत नाही. आतला आकडा गुपचूप शून्य होतो. जुन्या चार आकडी मीटरात ९९९९ नंतर ०००० यावे, तशातलाच हा प्रकार. उलट बाजूनेही हेच घडते. वर्ड ह्या मापात उणे संख्येला जागा नाही. म्हणून ४०० मधून ४२० वजा केले, तर उणे २० न येता ६५,५१६ असा आकडा उभा राहतो. बऱ्याच वेळा यंत्र कुरकुरत नाही, थांबत नाही, दिवा लावून सावध करीत नाही. ते त्या खोट्या आकड्यावर पुढचा निर्णय घेते.

एका जागेत एकच आकडा राहतो. परंतु मातीच्या एकाच मोजणीवर मोटार चालू करणे शहाणपणाचे नाही. एखादा झटका, एखादा सैल सांधा, आणि आकडा भलताच येतो. म्हणून दिवसभरातील मोजण्यांची सरासरी घ्यावी लागते. तासाला एक मोजणी म्हटले, तरी चोवीस आकडे झाले. त्यांना चोवीस निराळी नावे देत बसणे म्हणजे वेडेपणाच. येथे ॲरे कामास येतो.

ॲरे म्हणजे काय, हे बऱ्हाणपूरच्या लोकांना समजावून सांगण्यास दूर जावे लागत नाही. शहराबाहेरचा कुंडी भंडारा त्यांनी पाहिलेला असतो. अब्दुल रहीम खानखानान ह्याच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज ह्या इराणी जाणकाराच्या योजनेने ही पाण्याची व्यवस्था उभी राहिली. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या एका बोगद्यातून वाहत येते, आणि त्या बोगद्यावर ओळीने शंभरावर कुंड्या आहेत. प्रत्येक कुंडीला निराळे नाव देण्याचे कारण नाही. भंडाऱ्याचे नाव एक. कुंडी सांगायची ती क्रमांकाने. ॲरेची रचना अशीच असते. नाव एक, कप्पे अनेक, आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक. 'ओल' नावाचा चोवीस कप्प्यांचा ॲरे केला, तर 'ओल(७)' म्हणजे सातव्या कप्प्यातील आकडा. यंत्र तो शोधत फिरत नाही. पहिला कप्पा कोठे आहे आणि एका कप्प्याचे माप किती, एवढे ठाऊक असले की सातवा कोठे असणार हे ते गुणाकाराने काढते. अंतरे सारखी असलेल्या ओळीत कुंडीची जागा पावले मोजून सांगावी, तसेच हे.

ॲरेचे खरे सामर्थ्य असे की तो क्रमांकही एका व्हेरिएबलमध्ये ठेवता येतो. 'ओल(क्र)' असे लिहावे, क्र मध्ये एकापासून चोवीसपर्यंत आकडे क्रमाने भरावेत, आणि दोन ओळींत साऱ्या कप्प्यांची बेरीज व्हावी. (येथे नावे मराठीत दिली आहेत, प्रत्यक्ष प्रोग्रामात ती रोमन अक्षरांत लिहावी लागतात.) चोविसाव्या कप्प्यानंतर क्र पुन्हा एक करावा, म्हणजे नवी मोजणी सर्वांत जुन्या मोजणीच्या जागी बसते. अशा रीतीने कप्पे तेवढेच राहतात, आणि त्यांत नेहमी ताज्या चोवीस तासांचा इतिहास असतो. दर वेळी पुन्हा सगळी बेरीज करण्याचीही गरज नाही: बेरजेतून जुना आकडा वजा करावा, कप्प्यात नवा ठेवावा, तोच बेरजेत मिळवावा.

आता समजावे की डोईफोडियासारख्या गावात एका तरुणाने अशी पेटी बसविली आहे. त्याच्या मायक्रोकंट्रोलरकडून ओलीचा आकडा ० ते १०२३ ह्यांच्या दरम्यान मिळतो. माती जितकी कोरडी, तितका आकडा मोठा. सरासरी ६०० च्या वर गेली की मोटार चालू, असा नियम त्याने केला. बेरजेसाठी वर्ड हे माप घेतले. माती अगदी कोरडी होऊन प्रत्येक मोजणी ९०० आली, तरी चोवीस मोजण्यांची बेरीज २१,६०० होते. वर्डमध्ये ती आरामात मावते. पेटी हिवाळाभर उत्तम चालते. मग त्याला वाटते, तासाला एक मोजणी फार थोडी झाली. दर पंधरा मिनिटांनी घ्यावी. तो कप्पे २४ चे ९६ करतो, भागाकारातही ९६ घालतो, आणि बाकी काहीच बदलत नाही. पाहून खात्री करतो: ओली माती, प्रत्येक आकडा ४००, बेरीज ३८,४००, सरासरी ४००, मोटार बंद. थोडी वाळलेली माती, आकडा ६५०, बेरीज ६२,४००, सरासरी ६५०, मोटार चालू. सारे काही बिनचूक!

वैशाख येतो. माती तापते, मोजणी ६९० वर जाते. शहाण्णव वेळा ६९० म्हणजे ६६,२४०. वर्डची मर्यादा ओलांडली गेली. आत उरले ७०४. त्यास ९६ ने भागले, सरासरी आली सात! यंत्राच्या मते शेतात चिखल झाला आहे. ते मोटार बंद ठेवते. माती आणखी सुकून आकडा ९०० झाला, तर बेरीज ८६,४०० व्हावयाची ती २०,८६४ उरते आणि सरासरी २१७ दिसते. म्हणजे अजून ओलच. ही चूक हिवाळ्यात दिसली नाही, पावसाळ्यात दिसली नसती. पाण्याची निकड अत्यंत असते त्याच दिवसांत ती उगवली. दोष पट्टीचा नव्हे, मोटारीचा नव्हे, विजेचाही नव्हे. बेरजेचे माप वर्डऐवजी लाँग केले असते, तर दोन बाइट अधिक खर्च होऊन बाग वाचली असती.

खेड्यातली दुसरी अडचण विजेची. वीज गेली की मायक्रोकंट्रोलरच्या कामचलाऊ मेमरीतील आकडे पुसले जातात, आणि परत आली की बॅसकॉमच्या रीतीप्रमाणे साऱ्या व्हेरिएबल शून्यापासून आरंभ करतात. शहाण्णव कप्प्यांत शहाण्णव शून्ये. बेरजेचे माप सुधारलेले असले, तरी आता खरे आकडे ९०० येऊ लागल्यावर सरासरी ६०० च्या वर जाण्यास पासष्ट मोजण्या लागतात, म्हणजे सव्वासोळा तास. तेवढ्यात पुन्हा वीज गेली, तर गणती पुन्हा पहिल्यापासून. रिकामा कप्पा आणि शून्य असलेला कप्पा हे एकच नव्हेत, हा भेद मनुष्याला न सांगता कळतो. यंत्राला तो सांगावा लागतो. उपाय अवघड नाही. किती कप्पे खरोखर भरले ह्याची मोजदाद एका निराळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवावी आणि भागाकार तिनेच करावा. किंवा आरंभी पहिली मोजणीच सर्व कप्प्यांत भरून टाकावी.

तिसरा धोका कप्प्यांच्या सीमेचा. कुंड्यांची ओळ जेथे संपते, त्याच्या पुढे पोहरा सोडला तर तो जमिनीवर आपटेल. मेमरीत मात्र शेवटच्या कप्प्यापुढेही जमीन नसते. तेथे दुसऱ्या कोणाचे तरी घर असते. इंटेलच्या ८०५२ मधील बेसिक अशा वेळी चूक दाखवून थांबे. 'बेसिक स्टॅम्प २' तसे करीत नाही. क्रमांक पुढे गेला, की शेजारच्या व्हेरिएबलमध्ये तो आकडा मुकाट्याने लिहिला जातो. मोजणी लिहिता लिहिता मोटारीची स्थिती बदलून जाते, आणि कारण कोणास उमगत नाही. त्यातच कप्प्यांची गणती कोठून सुरू होते, ह्याविषयी एकवाक्यता नाही. बॅसकॉममध्ये वेगळे न सांगितल्यास पहिला कप्पा क्रमांक एकचा. इतर कित्येक ठिकाणी तो शून्याचा. एका साधनासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यात जसाच्या तसा उतरवणारा मनुष्य येथे हमखास ठेचकाळतो.

मग सगळीच मापे मोठी आणि कप्पे हजार का घेऊ नयेत, असे कोणी विचारील. उत्तर असे की घर लहान आहे. ॲटमेगा ३२८ ह्या लोकप्रिय मायक्रोकंट्रोलरमध्ये व्हेरिएबल ठेवण्याची मेमरी अवघी २,०४८ बाइट आहे. शहाण्णव वर्डांचा ॲरे त्यातील १९२ बाइट घेतो, हे परवडते. तेच लाँग केले तर ३८४. पहिल्या बेसिक स्टॅम्पमध्ये तर व्हेरिएबलसाठी चौदाच बाइट होते! त्यांना बी-०, बी-१ अशी नावे ठरलेली. आणि डब्ल्यू-० हे वर्ड म्हणजे बी-० आणि बी-१ हीच जोडी. नावे तीन, जागा दोन. एकास हात लावला की दुसरे बदललेच. अशा घरात चोवीस मोजण्यांचा ॲरे बसणे नाही. तेथे चालू बेरीज आणि मोजण्यांची संख्या एवढ्या दोनच व्हेरिएबल ठेवून दिवसाअखेर सरासरी काढावी लागते. मागचा तपशील गमवावा लागतो, पण काम होते. काटकसर आणि सुरक्षितता ह्यांचा मेळ घालणे हीच ह्या विद्येतील कारागिरी.

हा घोटाळा केवळ नवशिक्यांचा किंवा खेड्यातल्या पेटीचा, असे समजण्याचे कारण नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपीय राष्ट्रांचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्यांदाच उडाले, आणि उड्डाणाला मिनिटही पुरे होण्याआधी आकाशात नष्ट झाले. त्यातील दिशादर्शनाचा प्रोग्राम आधीच्या एरियान-४ मधून घेतलेला होता. जुन्या बाणाच्या वेगाला पुरणारे सोळा बिटांचे माप नव्या, अधिक वेगवान बाणाच्या आकड्याला अपुरे पडले. ती भाषा बेसिक नव्हती, लिहिणारे नवखे नव्हते. तथापि मुळातला प्रकार शेतावरच्या पेटीतलाच: काम बदलले, आणि माप तेच राहिले.

म्हणून प्रोग्रामाची पहिली ओळ लिहिण्याआधी साध्या कागदावर एक तक्ता आखावा. प्रत्येक व्हेरिएबलपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: तिच्यात लहानात लहान आकडा कोणता येईल, मोठ्यात मोठा कोणता येईल, आणि आरंभी तिच्यात काय असेल. ॲरे असल्यास कप्पे किती आणि पहिल्याचा क्रमांक कोणता, हेही लिहावे. मोठ्यात मोठा आकडा ठरविताना सरासरी दिवस डोळ्यांपुढे न आणता वर्षातला सर्वांत वाईट दिवस आणावा. प्रोग्राम बदलला की तक्ता पुन्हा तपासावा. ह्या कामाला अर्धा तास लागतो आणि त्यासाठी वीजही लागत नाही.

यंत्र शेतकऱ्याची रात्रीची जागरणे वाचवू शकते, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जागरण वाचविणारे यंत्र हे विचार वाचविणारे यंत्र नसते. नाव द्यावे ते सहज लक्षात राहील असे. माप घ्यावे ते वैशाखाला पुरेल असे. आणि कप्पे करावेत ते मोजून. एवढे केले, तर पेटी मुकाट्याने आपले काम करीत राहते, आणि केळीच्या बागेला पाणी वेळेवर पोहोचते.